मैत्रीभावना घरी कशी करावी: सुरुवात कोणापासून, आणि कोणाला थांबवून ठेवायचं

मैत्रीभावना म्हणजे स्वतःचं आणि दुसऱ्याचं भलं व्हावं अशी भावना मनात जागवण्याची बौद्ध साधना. ती करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच दिवशी चुकतो, आणि ती चूक माणूस निवडण्यात होते. ज्याच्याशी बिनसलंय त्या भावालाच, सासूलाच किंवा साहेबालाच तो डोळ्यांसमोर आणतो, ‘यांचं भलं होवो’ असं पाच मिनिटं घोकतो आणि उठतो तेव्हा आधीपेक्षा जास्त धुमसत असतो. मग ‘हे आपल्याला जमणारं नाही’ म्हणून विषय संपतो. हे नुकसान टाळता येतं. या साधनेला ठरलेला क्रम आहे. पाचव्या शतकात श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात भिक्षू बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं नववं प्रकरण तो क्रम कारणांसकट सांगतं. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी या ग्रंथाची देवनागरी लिपीतली आवृत्ती संपादित केली आणि १९४० साली ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनानं प्रसिद्ध केली. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात अखेरीस जी ‘मंगल मैत्री’ शिकवतात, तिचं मूळही याच परंपरेत आहे.

खाली दिलेली पद्धत त्या क्रमावर उभी आहे. नोकरी आणि घरकाम सांभाळणाऱ्याला रोज १५ मिनिटांत करता यावी अशी तिची मांडणी केली आहे. आठवड्यांचा हिशेब ग्रंथातला नाही, तो सोयीसाठी.

बैठक

मांडी घालता येत असेल तर चादरीची घट्ट घडी किंवा उशी बुडाखाली घ्या. चार-पाच इंच उंची मिळाली की गुडघे खाली टेकतात आणि पाठ आपोआप सरळ होते. गुडघे दुखत असतील तर खुर्ची घ्या, पाय जमिनीला सपाट टेकू द्या, पाठ खुर्चीला रेलू नका. पलंगावर बसू नका, झोप येते. दोन खोल्यांच्या घरात वेगळी जागा कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. त्यावर उपाय जागेपेक्षा वेळेत सापडतो: घर उठायच्या आधीची पंधरा मिनिटं, किंवा मुलं शाळेत गेल्यावर गॅसजवळ जायच्या आधीची. जेवल्यावर लगेच नको.

मोबाइलवर १५ मिनिटांचा गजर लावून तो हाताच्या अंतरापलीकडे ठेवा. पहिली दोन मिनिटं फक्त श्वासाकडे लक्ष द्या. श्वास मुद्दाम लांबवू नका, रोखू नका. मन जरा खाली बसण्यापुरतंच हे करायचं.

चार वाक्यं

पाली परंपरेत चार वाक्यांचा एक साचा आहे: अवेरा होन्तु, अब्यापज्झा होन्तु, अनीघा होन्तु, सुखी अत्तानं परिहरन्तु. बुद्धवंदनेची सवय असलेल्या घरात ही वाक्यं तशीच म्हटलेली उत्तम. मराठीतून करायचं तर असं म्हणा:

माझं मन वैरापासून मोकळं राहो.
माझ्या मनातला द्वेष शमो.
माझं दुःख हलकं होवो.
मला स्वतःला सुखानं सांभाळता येवो.

दुसऱ्यासाठी म्हणताना ‘माझं’च्या जागी, ज्या व्यक्तीला एरवी जसं बोलता तसं, ‘तुमचं’ किंवा ‘तुझं’ घाला. आईला अहोजाहो करत नसाल तर इथेही करू नका. भाषा औपचारिक झाली की माणूस डोळ्यांसमोरून जातो आणि नुसते शब्द उरतात.

वेग महत्त्वाचा आहे. श्वास सोडताना एक वाक्य मनात म्हणा, पुढचा एक अख्खा श्वास रिकामा जाऊ द्या, मग दुसरं वाक्य. असं केलं तर चार वाक्यांना साधारण पाऊण मिनिट लागतं. यापेक्षा घाई केलीत तर जप होतो. जप वाईट नाही, पण तो वेगळा.

दोन-तीन आठवड्यांनी वाक्यं यांत्रिक होणारच. तेव्हा चारातलं एकच निवडा आणि शब्दांऐवजी त्या माणसाच्या एखाद्या ठरावीक कृतीवर या: दहावीच्या वर्षी फी भरायला मदत केली तो दिवस, दवाखान्यात रात्रभर बसून राहिले ती रात्र. ‘ते फार चांगले आहेत’ एवढ्यानं मन हलत नाही, एखादा प्रसंग आठवला की हलतं.

सुरुवातीला कोणाला घ्यायचं नाही

विसुद्धिमग्ग सुरुवातीसाठी चार प्रकारची माणसं टाळायला सांगतो: नावडता, अतिशय जिवलग, ना आवडता ना नावडता असा मध्यस्थ, आणि वैरी. जिवलगाचं नाव या यादीत पाहून पुष्कळांना धक्का बसतो. त्याचं कारण असं की जिवलगाला जरा काही दुखलं-खुपलं, तरी आपल्याला रडू येतं. त्याला डोळ्यांसमोर आणलं की मैत्रीच्या वाटेनं काळजी शिरते. लेकीसाठी म्हणून बसलेली आई दोनच मिनिटांत तिच्या नोकरीचा आणि तब्येतीचा विचार करत असते. नावडत्याला प्रियाच्या जागी बसवताना मन थकतं. मध्यस्थाला आदराच्या जागी बसवतानाही तसंच होतं. वैरी आठवला की राग येतो.

याखेरीज दोन बंधनं आहेत. पहिलं: ज्या व्यक्तीबद्दल शारीरिक ओढ आहे तिच्यापासून सुरुवात करू नये. ग्रंथात याची एक गोष्ट आहे. मैत्री कोणाबद्दल करावी असं एकानं विचारलं, त्याला उत्तर मिळालं की प्रिय व्यक्तीबद्दल. त्याला प्रिय होती बायको. तो तिच्याबद्दल मैत्री करत बसला आणि तिच्या ओढीनं रात्रभर भिंतीशी झगडत राहिला. विसुद्धिमग्गाच्या मते रागाइतकाच धोका आसक्तीचा आहे: द्वेष हा मैत्रीचा दूरचा शत्रू, तर आसक्ती जवळचा. दूरचा शत्रू लगेच ओळखू येतो. जवळचा मैत्रीसारखाच दिसतो, म्हणून तो जास्त फसवतो. नव्या प्रेमात पडलेल्यांनी आणि नुकतंच प्रेम तुटलेल्यांनी हे बंधन कसोशीनं पाळावं.

दुसरं बंधन आपल्याकडे फार मोडलं जातं: मृत व्यक्तीला या साधनेत घेऊ नये. बैठकीसमोर वडिलांचा हार घातलेला फोटो असतो आणि सुरुवात तिथूनच होते. ‘तुम्ही सुखी राहा’ म्हणताना ते नाहीत हे मनाला ठाऊक असतं, आणि मन दुःखाकडे वळतं. आपल्या दिवंगत आचार्यांबद्दल मैत्री करणाऱ्या एका भिक्षूला कितीही बसून ध्यान लागेना, मग जिवंत आचार्यांना घेतल्यावर लागलं, असा दाखला ग्रंथात आहे. गेलेल्या माणसाचं स्मरण जरूर करा, त्यासाठी दिवसातली दुसरी वेळ ठेवा. फोटो बैठकीच्या मागच्या भिंतीवर आला तरी पुरतं.

क्रम

पहिले दोन आठवडे: स्वतः, आणि एक आदरणीय व्यक्ती. श्वासाची दोन मिनिटं झाली की पाच मिनिटं स्वतःसाठी, आठ मिनिटं त्या व्यक्तीसाठी. स्वतःपासून सुरुवात करण्यात स्वार्थ नाही. इथे स्वतःला साक्षीदार म्हणून उभं करायचं असतं: मला सुख हवं आहे, दुःख नको आहे, आणि समोरच्याचंही असंच आहे. एवढं पटण्यापुरतं स्वतःशी थांबायचं. पुष्कळांना स्वतःसाठी ही वाक्यं म्हणताना ओशाळल्यासारखं होतं किंवा आतून ‘तुझी लायकी काय’ असा आवाज येतो. त्या आवाजाशी वाद घालत बसू नका. स्वतःचा भाग एका मिनिटावर आणा आणि आदरणीय व्यक्तीकडे जा. तिथे मन ओलं झालं की शेवटच्या दोन मिनिटांत पुन्हा स्वतःकडे या, जास्त सोपं जातं.

आदरणीय व्यक्ती जिवंत असावी, तिच्याशी देण्याघेण्याचा व्यवहार गुंतलेला नसावा, आणि तिनं तुमच्यासाठी प्रत्यक्ष काही केलेलं असावं. शाळेतल्या बाई, तालमीतले वस्ताद, पहिली नोकरी शिकवणारे वरिष्ठ. टीव्हीवरचे महाराज किंवा लांबून पाहिलेला नेता नको, कारण त्यांचा तुमच्याशी घडलेला प्रसंग तुमच्याकडे नसतो.

तिसरा-चौथा आठवडा: जिवलग. आता मैत्री कशी असते हे मनाला माहीत झालेलं असतं, म्हणून काळजी शिरली की ओळखू येते. ‘तिला नोकरी लागो’ ही इच्छा चुकीची नाही, पण तिच्यामागोमाग बेत सुरू होतात. बेत सुरू झाला की चौथ्या वाक्यावर या: ‘तुला स्वतःला सुखानं सांभाळता येवो.’ सांभाळणारी ती आहे, हे या वाक्यात आलेलंच आहे. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. हुंदका आला तर डोळे उघडून समोरच्या भिंतीकडे पाहा आणि आदरणीय व्यक्तीवर परत जा.

पाचवा आणि सहावा आठवडा: मध्यस्थ. सोसायटीचा वॉचमन, किराणा दुकानातला पोऱ्या, रोजच्या लोकलमध्ये समोर उभी राहणारी बाई. एकच व्यक्ती निवडून दोन्ही आठवडे तीच ठेवा, रोज बदलू नका. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त काम इथेच होतं, म्हणून तो गाळू नका. जिवलगावरच्या प्रेमाला नात्याचा, आठवणींचा, परतफेडीचा आधार असतो. इथे त्यातलं काहीच नसतं. वाक्यं कोरडी वाटली तर एवढंच आठवा की या माणसालाही घरी कोणीतरी वाट पाहणारं असेल, यालाही रात्री पाय दुखत असतील. साधना धरते आहे याची खूण अशी: वॉचमन एक दिवस दिसला नाही तर ‘का आला नाही’ हा प्रश्न तुमच्या मनात येतो.

आणि नवरा-बायको कुठे बसतात? याला कायमचं उत्तर नाही. आज सकाळी भांडण झालं असेल तर जोडीदार आज चौथ्या जागेवर, म्हणजे वैऱ्याच्या जागेवर आहे, आणि तसं मानायला लाजू नये. तीन महिने नुसतं ‘भाजी आणली का, बिल भरलं का’ एवढंच बोलणं चालू असेल तर तो मध्यस्थ झालेला आहे. बैठकीत त्याला जिथे तो आज खरोखर आहे तिथेच घ्या. लग्नाच्या फोटोतल्या जागेवर नेऊन बसवलं की सगळी वाक्यं खोटी पडतात.

सातव्या आठवड्यापासून: ज्याचा राग येतो तो

आयुष्यातला सगळ्यात मोठा घाव देणारा माणूस आधी घेऊ नका. पार्किंगवरून कटकट करणारा शेजारी, मीटिंगमध्ये मध्येच तोडणारा सहकारी, असा छोटा राग निवडा. १५ मिनिटांतली शेवटची तीनच मिनिटं त्याला द्या, बाकी वेळ आधीच्या तिघांना.

राग उसळला की रेटू नका. मागच्या पायरीवर, मध्यस्थावर किंवा थेट आदरणीय व्यक्तीवर जा, मन मऊ झालं की परत या. एकाच बैठकीत चार वेळा मागे जावं लागलं तरी हरकत नाही, ती माघार पद्धतीचाच भाग आहे. एवढ्यानं भागलं नाही तर विसुद्धिमग्ग एकामागून एक उपाय देतो. त्यातले तीन घरी उपयोगी पडतात.

पहिला: त्या माणसाचं वागणं, बोलणं आणि मन असे तीन भाग करा आणि त्यातला जो बरा असेल तेवढाच पाहा. तोंडानं तिखट असलेली जाऊ सणाच्या दिवशी सगळ्यांत आधी कामाला लागते. मग सध्या तिचे हात पाहा, जीभ बाजूला ठेवा. तिन्हीत काहीच बरं सापडत नसेल तर त्या माणसाबद्दल करुणा करावी, असं ग्रंथ सांगतो.

दुसरा: राग कोणाला लागतो हे पाहा. दुसऱ्याला मारायला हातात निखारा घेणाऱ्याचा हात आधी भाजतो, हे उदाहरण याच प्रकरणातलं आहे. राग आला की छातीत, जबड्यात, पोटात काय होतं ते अर्धा मिनिट नुसतं नोंदवा. शेजारी तिकडे जेवून झोपलेला आहे, जबडा तुमचा आवळलेला आहे.

तिसरा उपाय बैठकीबाहेरचा आणि सगळ्यात जोरकस: त्याला काहीतरी द्या, किंवा त्यानं दिलेलं घ्या. दिवाळीच्या फराळाचं ताट, गावाहून आलेले चार आंबे. वस्तू लहान असावी, देताना जुना विषय काढू नये, आणि त्यानं आभार मानले की नाही ते मोजू नये. महिन्यातून एकदा पुरे.

या टप्प्यावर वाक्यं हळूच बिघडतात, तिकडे लक्ष ठेवा. ‘त्याला अक्कल येवो’, ‘त्याचे डोळे उघडोत’ ही मैत्री नाही, ती शिक्षेची सभ्य मागणी आहे. वाईट वागणाऱ्यासाठी नेमकं काय मागायचं हे मराठी माणसाला लहानपणापासून पाठ असतं. पसायदानात ज्ञानेश्वर खळांचा नाश मागत नाहीत. ‘जे खळांची व्यंकटी सांडो, तयां सत्कर्मी रती वाढो’ असं मागतात. चार वाक्यं जमत नसतील त्या दिवशी या ओळी म्हणा, त्या माणसाचा चेहरा समोर ठेवून. सामुदायिक म्हणताना त्या सहज म्हणता येतात. एका ठरावीक चेहऱ्यासमोर म्हणून पाहिलं की त्यांचं वजन कळतं.

एक गोष्ट इथे अगदी स्पष्ट हवी. मारहाण करणाऱ्या, धमकावणाऱ्या किंवा लैंगिक त्रास देणाऱ्या माणसाबद्दल मैत्रीभावना करणं तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि केली तरी त्याच्यासोबत राहावं असा तिचा अर्थ होत नाही. आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. बैठकीत तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत असेल, झोप उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल तर साधना थांबवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. तो मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. अशा काळात फक्त आदरणीय व्यक्तीची दोन मिनिटं ठेवली तरी चालतं.

बैठकीबाहेर

योगसूत्रात पतंजलींनी (१.३३) दिवसभरात वापरायला सोपी विभागणी केली आहे: सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं वागणाऱ्याबद्दल मुदिता (म्हणजे आनंद) आणि वाईट वागणाऱ्याबद्दल उपेक्षा (म्हणजे तटस्थपणा). यातली पहिलीच अवघड जाते. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाच्या नव्या फ्लॅटचे फोटो आले की बोटं ‘अभिनंदन’ टाइप करतात आणि मन कर्जाचा हिशेब काढतं. त्या क्षणी मोबाइल खाली ठेवा, एक श्वास सोडा, ‘तुझं सुख टिको’ असं एकदा म्हणा आणि मग टाइप करा. उपेक्षेचा वापर भांडखोर कमेंट्सवर करा. तिथे करुणा दाखवायला गेलात तर चर्चा वाढते.

घरात बोलाचाली चढली की वाक्यं म्हणण्याचा प्रयत्न करू नका, तेव्हा ती आठवत नाहीत. ‘मी दहा मिनिटांत येतो’ असं सांगून पाणी प्यायला उठा आणि ठरलेल्या वेळी खरोखर परत या. परत न येता नुसतं उठून जाणं समोरच्याला जास्त लागतं.

खंड पडला, आठ-दहा दिवस बसणं झालं नाही, तर जिथे सोडलं तिथून पुढे जाऊ नका. दोन दिवस पुन्हा स्वतः आणि आदरणीय व्यक्ती एवढंच करा. लहान मुलांसोबत करायचं असेल तर तीन मिनिटं, एकच वाक्य, आणि माणूस मुलानं निवडायचा. त्यानं शेजारचं मांजर निवडलं तरी चालेल.

क्रम कधी संपतो

चौघांमधली आपपरभावाची भिंत पडली का हे तपासायला विसुद्धिमग्गात एक कसोटी आहे. तुम्ही, तुमचा प्रिय, मध्यस्थ आणि वैरी असे चौघं बसला आहात. दरोडेखोर येतात आणि म्हणतात, बळी द्यायला यातला एक द्या. ‘याला न्या’ असं वैऱ्याकडे बोट दाखवणाऱ्याची भिंत पडलेली नाही, हे उघड आहे. पण ‘मला न्या, या तिघांना सोडा’ म्हणणाऱ्याचीही पडलेली नाही, असं ग्रंथ म्हणतो. चौघांतला एकही द्यावासा वाटत नाही, तेव्हा पडली. स्वतःला आधी पुढे करायची सवय लागलेल्या गृहिणींनी हा भाग दोनदा वाचावा.

रोजच्या जगण्यात ही कसोटी सणासुदीच्या वाटपात लागते. घरात पाच माणसं, पुरणपोळ्या चार उरल्यात, तेव्हा ‘मला नको, मी नंतर खाईन’ हे किती पटकन तोंडातून येतं ते पाहा, आणि पाचांत वाटून घ्या.

चौघं सारखे वाटायला लागल्यावरच मैत्री माणसांपलीकडे पसरवायची. आधी एक घर, मग दोन, मग गल्ली, अर्धं गाव, सगळं गाव, तालुका, मग एक दिशा. एका बैठकीत एकच टप्पा घ्या. पहिल्या दिवसापासून ‘सगळ्या जगाचं कल्याण होवो’ म्हणणं सोपं वाटतं, कारण त्यात पार्किंगवाला शेजारी वेगळा दिसत नाही. घर डोळ्यांसमोर आणताना तिथल्या माणसांसकट आणा: दुसऱ्या मजल्यावरची आजी, तिला सांभाळणारी बाई, जिन्यात सायकल लावणारा मुलगा. एखाद्या दारापाशी मन अडलं तर त्या दिवशी पुढचं घर घेऊ नका, तिथेच थांबा आणि उद्या त्याच दारापासून सुरू करा.